वरची ओळ

चऱ्होलीच्या आमच्या फ्लॅटच्या दारावर बरेच दिवस पाटीच नव्हती. मजल्यावरच्या बाकीच्या दारांवर बिल्डरनं दिलेल्या स्टीलच्या पाट्या होत्या, सगळ्या एकाच साच्यातल्या. आमच्या नावाचीही आली होती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि आणणाऱ्याला परत दिली. मशीननं आमच्या आडनावाच्या अक्षरांची पोटं दाबून टाकली होती म्हणे. तेव्हापासून कुरिअरवाला खालून फोन करून विचारायचा, ताई, पाटी नसलेलंच दार ना? मी हो म्हणायचे आणि मनातल्या मनात अण्णांवर चिडायचे.

कारण अण्णा स्वतः पेंटर. तरुणपणी धाराशिवकडून थेरगावात आले आणि डांगे चौकाच्या अलीकडे एका गाळ्यात बसून त्यांनी निम्म्या थेरगावच्या पाट्या रंगवल्या. किराणा, सलून, डेअरी, शिकवणीचे वर्ग, ट्रकची मागची फळी, कशालाही नाही म्हटलं नाही. फ्लेक्स आला तेव्हा गाळा सुटला. मग चाकणच्या कंपन्यांमध्ये जमिनीवर पिवळे पट्टे मारायचे आणि भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’ लिहायचं, एवढंच काम उरलं. तेही ते मन लावून करायचे. असा माणूस घरात असताना आमचं दार बोडकं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्याकडे मुक्कामालाच होता.

आईची तक्रार याहून जुनी होती. थेरगावात दुकानाला बायकोचं नाहीतर आईचं नाव देणारे पुष्कळ. कुणाचं साडी सेंटर, कुणाचं पोळीभाजी केंद्र. अण्णांच्या हाताखालून अशा कितीतरी बायकांची नावं गेली, लाल रंगात, पिवळी सावली देऊन. आईचं नाव मात्र त्यांनी कधी लिहिलं नव्हतं आणि तोंडानं तर घेतलंच नव्हतं. आमच्याकडे नवराबायको एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत. आई निदान हळदीकुंकवाला उखाण्यात त्यांचं नाव घ्यायची. अण्णा लग्नातसुद्धा उखाण्याच्या वेळी जिलबी तोंडात कोंबून मोकळे झाले होते, ही गोष्ट ती अजून सांगते. तिला बोलवायचं तर ‘अगं’, नाहीतर ‘ऐकायलीस का’. ती म्हणायची, गावातल्या समद्या बायकांची नावं लिहिली, आमचंच तेवढं राहिलं. हसत म्हणायची, पण दर दिवाळीला म्हणायची.

नव्या घराच्या पाटीचा विषय निघाला तेव्हा अण्णांनी आपणहून सांगितलं की पाटीवर तीन ओळी राहतील. सगळ्यात खाली माझं नाव, मध्ये त्यांचं. सगळ्यात वर एरवी ‘श्री’ असतो, त्याशिवाय ते कुठल्याही पाटीला हात लावत नसत.

“वरची ओळ तुझ्या आईची,” ते म्हणाले.

आई ओट्यापाशी होती. तिनं वळून पाहिलं नाही. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी गॅस बंद करायचं तिच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अण्णांच्या उजव्या हातातून ब्रश निसटायला लागला. आधी आम्हाला वाटलं, वय झालं. मग शर्टाचं बटण लागेना, मग चहाचा कप धरवेना. डॉक्टरांनी सांगितलेलं आजाराचं नाव लांबलचक होतं. अर्थ एवढाच की स्नायू एकामागून एक झिजत जाणार, हात, पाय, जीभ, मग श्वास, आणि डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहणार. हे शेवटचं सांगताना डॉक्टरांना वाटत होतं की ते धीर देतायत. मला त्यांचा भयंकर राग आला. घरी येताना अण्णा रिक्षात बसून रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते.

शिडी, डबा, ब्रश यांतलं काहीच आता जमणार नव्हतं. पेन मात्र जमत होतं, तेही जाड केलं तर. मी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांची चित्रं काढते. मेकॅनिकच्या पुस्तकात बोल्ट, वॉशर, स्प्रिंग हवेत सुटे करून दाखवलेले असतात ना, ते काम. घरी त्यासाठी एक जुना लॅपटॉप होता. तो इतका मंदावला होता की ऑफिसातल्या एका मित्रानं त्यावर लिनक्स टाकून दिलं. सोबत चित्रं काढायचा टॅब्लेट. टॅब्लेट म्हणजे फोनसारखा नव्हे. ही नुसती काळी पाटी असते, तिला स्वतःचा पडदा नसतो. तिच्यावर पेन फिरवायचं आणि रेघ शेजारच्या लॅपटॉपवर बघायची. अण्णांनी पाटीसाठीची अक्षरं त्यावर लहान काढायची, मी ती मोठी करून द्यायची आणि भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेझरनं पितळेच्या पत्र्यात कापून घ्यायची, असं आम्ही ठरवलं. अण्णांना आधी हे हलकं काम वाटलं. मग म्हणाले, बघू तरी.

पहिल्याच दिवशी सगळं फिसकटलं. पेंटरचा हात हवेत नसतो. करंगळी पाटीवर टेकवायची आणि तिच्या आधारानं बाकीचा हात फिरवायचा, हे त्यांच्या अंगातच मुरलेलं. हा टॅब्लेट पेनासारखाच बोटालाही ओळखणारा होता. अण्णांनी करंगळी टेकवली की त्याला वाटायचं, आपल्यालाच काहीतरी सांगतायत. कागद एकदम सरकायचा, मोठा व्हायचा, अक्षर अर्ध्यात सोडून पेनाची खूण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसायची. अण्णा पेन उचलून बघत राहायचे. त्यांना वाटलं, हात गेला.

आईनं तोडगा काढला. जुन्या मोज्याचा तुकडा कापून तिनं त्यांच्या करंगळीला टोपी शिवली. टॅब्लेट फसला, पण अर्धाच, कारण करंगळीपाठोपाठ तळहाताची कड टेकायची. शिवाय अण्णांना ती टोपी सहन होईना. पाटी गुळगुळीत आहे की खरबरीत, हे बोटाला कळायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, अण्णा, मग हात जरा उचलून धरा ना. हे मी कुणाला सांगत होते ते माझं मलाच कळलं.

त्यांची जीभ तेव्हा जड झाली होती, पण शब्द कळत होते. “माझं बोट उचलाय लावू नको, माय,” ते म्हणाले. “त्याला सांग, बोटाकडं बघू नको.”

लिनक्सचं असं आहे की तिथं सगळं जमतं, पण कुठं जमतं ते कुणी नीट सांगत नाही. सेटिंगच्या खिडकीत पेनाचा दाब कमीजास्त करायची सोय होती, बोटाचा उल्लेखच नव्हता. मी इंटरनेटवर लोकांची उत्तरं वाचत बसले. एक म्हणतो असं करा, दुसरा म्हणतो पहिल्याला अक्कल नाही. एकानं लिहिलं होतं की नव्या पद्धतीच्या डेस्कटॉपवर ही युक्ती चालत नाही, लॉगिन करताना जुना निवडा. तो निवडला. मग हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत यंत्राला विचारलं, तुला काय काय जोडलंय? त्यानं एकाच टॅब्लेटची चार नावं सांगितली. पेन, खोडरबर, बटणं आणि बोट. चार भाऊ एका घरात राहून चुली वेगळ्या, तसं. त्यातल्या बोटाचं नाव उचलून मी एक ओळ लिहिली की याचा स्पर्श बंद, आणि एंटर दाबलं.

काहीच झालं नाही. पडद्यावर ना शाबासकी ना तक्रार. मी पुन्हा तीच ओळ लिहिणार होते, मग आठवलं, त्या मित्रानं सांगून ठेवलं होतं की इथं काही दिसलं नाही म्हणजे काम झालं असं समजायचं. अण्णांनी करंगळी टेकवली. कागद जागचा हलला नाही. त्यांनी अख्खा पंजा टेकवला, दाबला, घासला. काही नाही. मग पेन टेकवलं आणि एक आडवी रेघ ओढली, जाड सुरू होऊन बारीक होत गेलेली, त्यांच्या जुन्या ब्रशची. खूप दिवसांनी त्यांच्या तोंडावर तो भाव दिसला, जो पाटी मनासारखी झाली की यायचा.

दुसऱ्या दिवशी बोट परत चालू झालेलं. टॅब्लेटची वायर काढून लावली किंवा लॅपटॉप झोपून उठला की त्याला आदल्या दिवशीचं काही आठवत नाही. मी कंपनीत असताना हे सारखं कोण करणार? म्हणून मी ती ओळ लॅपटॉप सुरू होतानाच चालेल अशी ठेवली, आणि वायर लावली तरी आपोआप चालेल असा नियमही लिहिला. अण्णांना सांगितलं, आता बोट कायमचं बंद. त्यांनी मान डोलावली. आई तेव्हा भाजी आणायला खाली गेली होती. तिला एवढंच कळलं की मशीन शहाणं झालं.

पाटी नेहमी वरून खाली रंगवत येतात, म्हणजे ओल्या रंगाला बाही लागत नाही. अण्णांनी हा नियम कधी मोडला नव्हता. इथं मात्र त्यांनी विचारलं, ह्यात रंग पुसत नाही ना? मी म्हटलं, नाही. मग म्हणाले, तर खालून सुरू करू. हात नवीन पाटीवर बसू दे, वरची ओळ चांगल्या हातानं काढू. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आईलाही नाही. ती समोर बसून वाटाणे सोलत म्हणाली, एवढं थांबले, अजून थांबते.

माझं नाव झालं. पेनाला स्पंज गुंडाळून ते चांगलं जाड केलं होतं आणि मनगटाखाली आई उशी ठेवायची. एकेक अक्षर ते आधी बोटानं काढून बघायचे, न रंगवता. गाळ्यावरही त्यांची हीच पद्धत होती. कोऱ्या पाटीवर बोट फिरवून अक्षराला किती जागा लागते ते बघायचे, पण अशा वेळी अक्षरांच्या डोक्यावरची रेघ कधी द्यायचे नाहीत. ती रेघ सगळ्यात शेवटी, रंगानं, एका दमात. रेघ दिली म्हणजे काम संपलं, मग त्यात हात घालायचा नाही. त्यानंतर बोटं फडक्याला पुसायची आणि चहा मागायचा. मी लहानपणी शाळेतून गाळ्यावर जायचे, तेव्हा हे पुसणं पाहिलं की मला घरी जायची घाई व्हायची.

मधली ओळ, त्यांच्या स्वतःच्या नावाची, निम्मी होईपर्यंत अंगठा पूर्ण गेला. पेन पहिल्या दोन बोटांत अडकवून त्यांनी ती पुरी केली. अक्षरं थोडी झुकली. मी विचारलं, सरळ करून देऊ का कॉम्प्युटरवर? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लॅपटॉप मिटला.

त्यानंतर उतार जोराचा होता. बोलणं थांबलं. मान वळेना. पलंग खिडकीशी लावला, टॅब्लेट त्यांच्या मांडीवरच्या फळीवर आणि लॅपटॉप उशालगतच्या टेबलावर, त्यामुळे त्यांना पडदा दिसायचाच नाही. आई पडद्याकडे बघून सांगायची, उजवीकडं आलंय, जरा खाली घ्या. पेन मी बोटांत बसवायचे आणि ते गळून पडायचं. मी रबरबँड लावले, पट्टी बांधली, आईचा मोजा परत काढला. वरच्या ओळीत दोन-चार तुटक रेघांपलीकडे काही आलं नाही. कशा आल्यात ते आईकडून ऐकून त्या रेघा अण्णांनी डोळ्यांनी खुणावून मला पुसायला लावल्या. वाईट कामावर त्यांनी कधी नाव राहू दिलं नव्हतं.

एका संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले तर अण्णा वेगळे दिसले. टॅब्लेट मांडीवर तसाच होता, पेन लांब टेबलावर. मी जवळ गेल्यावर त्यांनी उजव्या हाताची बोटं चादरीवर हळूहळू पुढं-मागं केली. मला तो हात ओळखीचा वाटला. बोटं पुसत होते. चहा दे, मी हसत आईला म्हटलं, अण्णांचं काम झालंय. आईनं चहा केला. तो आता त्यांना घट्ट करून चमच्यानं द्यावा लागायचा.

ते झोपल्यावर मी फाइल उघडली. वरची ओळ कोरी होती. मला वाटलं, त्यांचं डोकंही आता दगा द्यायला लागलं की काय, न केलेलं काम केलंय असं वाटतंय त्यांना. डॉक्टरांचं ते एक वाक्यसुद्धा खोटं निघालं म्हणून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी अण्णांना मी काही बोलले नाही. ओळ कोरी आहे हे त्यांना कशाला कळायला हवं? त्यांनीही परत टॅब्लेट मागितला नाही. पुढच्या महिन्यात ते गेले.

दिवस होऊन गेल्यावर मी पाटीचं काम काढलं. ते राहून गेलं असतं तर मला त्या दारातून आत जाता आलं नसतं. खालच्या दोन ओळी तयार होत्या. वरच्या ओळीसाठी मला एक मार्ग सुचला. आईच्या नावातली बरीच अक्षरं त्या दोन ओळींत होती. ती उचलायची, राहिलेलं अक्षर दुसऱ्या अक्षराचा काना आणि पोट जोडून बनवायचं, आणि वर बसवायचं. माझा तर धंदाच तो, सुटे भाग जुळवायचा. दोन-तीन सुट्ट्या मी त्यात घालवल्या. आईचं नाव तयार झालं. अक्षरं अण्णांचीच होती आणि तरी बघितल्याबरोबर कळत होतं की हे त्यांनी लिहिलेलं नाही.

मी आईला बोलावून दाखवलं. तिनं पदरानं हात पुसले, पडद्याकडे पाहिलं आणि सरळ नाही म्हणाली.

“माझं नको जोडू. माझं लिहून झालंय,” ती म्हणाली.

मी विचारलं, कधी? तेव्हा तिनं सांगितलं. त्या दिवशी मी कंपनीत गेल्यावर दुपारी अण्णांनी डोळ्यांनी खूण करून टॅब्लेट मांडीवर मागितला. पेन द्यायला गेली तर डोळ्यांनीच नको म्हणाले. त्यांनी नुसतं बोट टेकवलं, पहिलं, आणि फिरवायला लागले. फार हळू, मध्येमध्ये थांबत. आई आधी समोर बसली होती, मग उठून त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तेव्हा तिला कळलं, काय चाललंय ते. तिचं नाव. आधी अक्षरं झाली. मग बोट पार डावीकडे नेऊन त्यांनी डोक्यावरची रेघ द्यायला घेतली. ती एका दमात झाली नाही. पण शेवटपर्यंत दिली.

“मग माझ्याकडं बघितलं त्यांनी,” आई म्हणाली. “आलं का, असं. मी मशीनकडं बघितलं तर तिथं कायच न्हाई. पांढरंच. मी म्हणलं, आलंय. लई छान आलंय.”

मग अण्णांनी बोटं चादरीला पुसली.

त्यांनी रेघ दिली होती, म्हणजे ते जागा बघत नव्हते, लिहीत होते. डोकं लख्खच होतं. बोट बंद आहे हेही त्यांना माहीत होतं, त्यांनीच तर ते बंद करायला लावलं होतं. तेवढं विसरले असतील का? की मशीनला कळो न कळो, जिचं नाव तिला कळलं म्हणजे झालं, असं ठरवूनच त्यांनी बोट टेकवलं? आई खोटं बोलतेय हे त्यांना समजलं असेल का? मी पुष्कळ विचार केला. एखाद्या दिवशी एक खरं वाटतं, एखाद्या दिवशी दुसरं. आई आणि मी एकाच कोऱ्या ओळीची गोष्ट त्यांच्यापासून लपवत होतो, आणि एकमेकींपासूनही, एवढं मात्र नक्की.

मी ती जोडलेली ओळ आईच्या समोर पुसून टाकली. मग तिनं टॅब्लेट जवळ ओढला, आणि तिचं पहिलं बोट त्यावर वरच्या बाजूला डावीकडून उजवीकडे गेलं. पडदा पांढराच राहिला. बोटाचा स्पर्श बंद करणारी माझी ती ओळ अजून रोज लॅपटॉप उघडला की आपोआप चालते.

“का गं उमटलं न्हाई त्यांचं?” तिनं विचारलं. “एवढं सावकाश लिहिलं होतं.”

“वायर निघाली असेल,” मी म्हटलं.

“असंल,” आई म्हणाली.

पाटी आता दारावर आहे. पितळी पत्र्यात दोन ओळींची अक्षरं, मधली जराशी झुकलेली, आणि वर एका ओळीची जागा. भोसरीच्या वर्कशॉपमधल्या माणसानं दोनदा विचारलं होतं, मॅडम, वर एवढं मोकळं का सोडायचं, पत्रा वाया जातोय. मी म्हटलं, मापात कापा. आई सकाळी रांगोळी काढून झाली की पाटी पुसते, आणि वरची जागा सगळ्यात आधी पुसते.